सोसायटीच्या गेटवर चेहरा आणि बोट: कायदा नेमका काय म्हणतो?

गेटपास
गृहनिर्माण संस्थांच्या विषयपत्रिकेवर हल्ली एक विषय ठरलेला असतो: ‘मुख्य प्रवेशद्वारावर चेहरा ओळखणारी यंत्रणा बसविणे व त्यासाठीच्या खर्चास मंजुरी देणे.’ सभेत तासभर घासाघीस होते ती कोटेशनवर. चेहरे कुठे साठणार, कोण बघणार, सभासद घर विकून गेला की ते पुसणार कोण, असं विचारलं की ‘अहो, आता सगळीकडेच आहे’ एवढ्यावर भागवतात.

जाणकारांना विचारायचंय: बोटाचे ठसे, चेहरा, बुबुळ यांना आपल्याकडे आज कुठला कायदा खरोखर लागू आहे? संस्था सक्ती करू शकते का? आणि घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, वॉचमन यांचं काय? त्यांना तर सभेत मतही नाही. माझं मत आधीच सांगतो. दुसरा पर्याय चालू ठेवल्याशिवाय असं यंत्र बसवू नये. पटत नसेल तर खोडून काढा.

चहाबिस्कीट
वॉचमनकाकांना सगळ्यांचे चेहरे पाठ, गाड्यांचे नंबर पाठ, कुणाकडे रात्री किती वाजता पाहुणे आले तेही पाठ. हा डेटा कुठल्याच कायद्याने पुसता येत नाही.

वकिलीणबाई
आधी जमीन साफ करू.

आज लागू असलेली मुख्य तरतूद म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-ए आणि त्याखालचे २०११ चे नियम, ज्यांना आम्ही एसपीडीआय नियम म्हणतो. त्यांत बायोमेट्रिक माहिती ‘संवेदनशील’ यादीत नाव घेऊन घातलेली आहे. व्याख्येत ठसे, डोळ्याचा पडदा, बुबुळ, आवाज, चेहऱ्याची ठेवण, हाताची मापं आणि डीएनए इतकं सगळं येतं. नियम ५ प्रमाणे गोळा करण्याआधी लेखी संमती हवी, हेतू सांगायला हवा, गरजेपेक्षा जास्त काळ ठेवायचं नाही, आणि दिलेली संमती मागे घेता येते.

मेख अशी की हे सगळं ‘बॉडी कॉर्पोरेट’ला लागू आहे आणि त्या कलमापुरती त्याची व्याख्या आहे कंपनी, फर्म किंवा व्यापारी वा व्यावसायिक काम करणारी मंडळी. गृहनिर्माण संस्था त्यात बसते का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. गेटचं ॲप चालवणारी कंपनी मात्र नक्की बसते.

दुसरा कायदा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, म्हणजे डीपीडीपी. राष्ट्रपतींची सही ऑगस्ट २०२३ मध्ये झाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण संमती, नोटीस, सुरक्षा, डेटा पुसणं ही मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यात ‘व्यक्ती’ची व्याख्या इतकी रुंद आहे की व्यक्तींचा कुठलाही संघ येतो, त्यामुळे संस्थाही आली. घरगुती वापराची सूट आहे, ती एकट्या माणसाला. तुमच्या दाराच्या बेलमधला कॅमेरा सुटेल, संस्थेचं गेट सुटणार नाही.

गंमत म्हणजे नव्या कायद्यात बायोमेट्रिकसाठी वेगळा कप्पाच नाही. ‘संवेदनशील डेटा’ हा वर्ग काढून टाकलाय. तुमचा ईमेल आणि तुमचं बुबुळ एकाच रांगेत.

आडगाव_बुद्रुक
एसपीडीआय नियमांत लेखी संमती ‘पत्र, फॅक्स किंवा ईमेल’ने चालते असं लिहिलंय. घरकामाच्या मावशींनी आता फॅक्स मशीन घ्यावं.

खजिनदार_नं_१
विरोधी सूर लावतो. चोऱ्या होतात तेव्हा कमिटीलाच धारेवर धरतात. कार्ड हरवतं, एकाचं कार्ड दुसरा वापरतो, रजिस्टरमध्ये मोबाइल नंबर खोटे असतात. चेहऱ्याचं यंत्र लावलं की हे तिन्ही प्रश्न सुटतात. आणि सीसीटीव्ही तर सगळीकडे आहेच, त्यात चेहरा दिसत नाही का? मग इथेच एवढा गहजब का?

सर्किट_बोर्ड
खजिनदारसाहेब, सीसीटीव्ही चित्र साठवतो आणि काही दिवसांनी त्यावर नवं चित्र चढतं. चेहऱ्याचं यंत्र त्या चित्रातून आकड्यांचा एक संच काढतं, त्याला टेम्प्लेट म्हणतात, आणि तो तुमच्या नावाला, फ्लॅट नंबरला बांधून ठेवतं. शिवाय बहुतेक यंत्रांत तीन गोष्टी वेगवेगळ्या साठतात: नोंदणीचा मूळ फोटो, टेम्प्लेट, आणि प्रत्येक ये-जा करतानाचा ताजा फोटो. कंपनीचा माणूस ‘आम्ही फोटो ठेवत नाही, फक्त टेम्प्लेट ठेवतो’ म्हणतो तेव्हा तो बहुधा पहिल्याबद्दल बोलत असतो. तिसऱ्यासाठी मेनूत वेगळी सेटिंग असते आणि ती बहुधा मूळातच चालू असते.

बोटाच्या स्वस्त हजेरी यंत्रांची गत याहून वाईट. त्यांची जाळ्यावर बोलण्याची पद्धत जुनी, पोर्ट बहुधा ४३७०, आणि पासवर्डच्या जागी असलेली ‘कॉम की’ कारखान्यातून येते तेव्हा ० असते. बसवणारा ती बदलत नाही. म्हणजे त्याच वायफायवर असलेला कुणीही फुकटात मिळणारं तयार सॉफ्टवेअर वापरून नावं आणि टेम्प्लेट उतरवून घेऊ शकतो. ॲडमिन नेमलेला नसेल तर त्याचीही गरज नाही. मेनू उघडायचा, पेनड्राइव्ह लावायचा, युजर डेटा डाउनलोड. दोन मिनिटांचं काम.

अनघा_दे
पण टेम्प्लेट म्हणजे पासवर्डच्या हॅशसारखंच ना, उलटा फिरवता न येणारा सांकेतिक आकडा? त्यातून मूळ ठसा परत मिळत नाही असं सगळे विक्रेते सांगतात.

सर्किट_बोर्ड
@अनघा, नाही. हॅशची अट अशी की आत जाणारी गोष्ट दर वेळी अक्षरशः तीच हवी. बोट दर वेळी थोडं वेगळ्या कोनात, कमीजास्त दाबाने टेकतं, त्यामुळे दोन वाचनं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून यंत्र रेषा कुठे संपतात, कुठे फाटे फुटतात त्या बिंदूंची जागा आणि दिशा साठवतं आणि ‘साधारण जुळतंय’ असं ठरवतं. त्या बिंदूंवरून मूळ ठशाशी जुळेल इतपत प्रतिमा पुन्हा उभी करता येते, हे २००७ च्या सुमारासच प्रकाशित संशोधनाने दाखवलंय. त्यामुळे टेम्प्लेट हा ठसाच आहे असं धरून चालायचं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटं दहाच.

चहाबिस्कीट
आणि चेहरा एकच. काहींचे दोन असतात, पण यंत्राला एकच दिसतो.

तांब्यापितळ
हजेरीच्या यंत्रातून ठसा थेट ‘आधार’मध्ये जातो, हा गैरसमज इथेच मिटवू. आधारची नोंदणीकृत यंत्रं वेगळी असतात, ठसा यंत्रातच कुलूपबंद होऊन पुढे जातो. ऑफिसच्या साध्या यंत्राचा आधारशी काही संबंध नाही.

धोका उलट दिशेने आहे. बाहेर कुठून तरी ठशाची स्वच्छ प्रतिमा मिळाली की सिलिकॉनचा अंगठा बनवून एईपीएसने, म्हणजे आधार लावून पैसे काढायच्या सोयीने, खातं साफ करता येतं. हैदराबाद आणि बेंगळुरूकडे उघडकीस आलेल्या प्रकरणांत प्रतिमा आल्या होत्या नोंदणीकृत खरेदीखतांतून. आपल्याकडे सूची क्रमांक २ मध्ये (इंडेक्स टू, दस्ताचा सारांश) अंगठा नसतो, पण दस्ताच्या शेवटच्या ‘दस्त गोषवारा भाग-२’ पानावर प्रत्येक पक्षकाराचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा शेजारी शेजारी छापलेला असतो. तेच पान लोक बँकेला, दलालाला, सोसायटीला, भाडेकरूला व्हॉट्सॲपवर पाठवतात. पाठवायचंच असेल तर ठशांचा रकाना झाकून पाठवा.

दुसरा उपाय आधारचं बायोमेट्रिक लॉक. एमआधार ॲप किंवा मायआधार संकेतस्थळ, ओटीपीने लॉगिन, ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’. लॉक केल्यावर बोट, बुबुळ, चेहरा तिन्ही बंद होतात. कुणी वापरायला गेलं तर ३३० नंबरची त्रुटी येते. ओटीपी चालूच राहतो. रेशन, सिम कार्ड अशा कामाला तात्पुरतं उघडता येतं, दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा बंद. त्याच ठिकाणी ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’त मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी दिसतात, त्यात अनोळखी संस्थेचं नाव दिसलं तर सावध. पैसे गेलेच तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन आणि बँकेला तीन कामकाजी दिवसांच्या आत लेखी कळवणं. तुमची चूक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे त्या मुदतीत तुमची जबाबदारी शून्य असते.

मांडवीकर
आधारचा विषय निघालाच आहे तर गोव्याचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण पुढच्या कायद्याची बीजं त्यात आहेत. वास्कोतल्या एका गंभीर गुन्ह्याच्या तपासात सीबीआयला गोव्यातल्या आधार नोंदणी केलेल्या सगळ्या लोकांचे ठसे हवे होते, घटनास्थळच्या ठशांशी ताडून बघायला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे गेलं. आधार प्राधिकरण तिथल्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१४ मध्ये आदेश मिळाला: संबंधित माणसाच्या लेखी संमतीशिवाय बायोमेट्रिक कुणालाही द्यायचं नाही. तेव्हा आधारचा कायदासुद्धा नव्हता, तो २०१६ मध्ये आला.

वकिलीणबाई
मांडवीकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. (ठसा उमटला असेल, सांभाळा.) २०१६ च्या कायद्याचं कलम २९ पाहा: बोटं आणि बुबुळं, म्हणजे ‘मूळ बायोमेट्रिक’, कुठल्याही कारणासाठी कुणालाही द्यायची नाहीत. कलम ३३ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या आदेशाने माहिती मिळू शकते, पण त्यातूनही मूळ बायोमेट्रिक वगळलंय. राष्ट्रीय सुरक्षेचं पोटकलम तेवढं वेगळं. माझ्या मते हे आपल्या देशातलं बायोमेट्रिकचं सगळ्यात कडक कुंपण आहे, पण ते फक्त आधारच्या साठ्याभोवती. खासगी यंत्रांना त्याचा स्पर्श नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालात कलम ५७ चा खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा भाग रद्द झाला, त्यामुळे संस्थेने ‘आधारवर बोट लावून पडताळणी’ असं काही परस्पर ठरवलं तर ते चालणार नाही.

पोलिसांसाठी पुन्हा वेगळा कायदा, २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा. त्यात ठसे, बुबुळाची मापं घेता येतात आणि नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

शिकागोची_थंडी
तुलनेसाठी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा बायोमेट्रिक गोपनीयतेचा कायदा, बिपा, २००८. ‘पे बाय टच’ नावाची बोटाने बिल भरायची सोय देणारी कंपनी बुडाली आणि गिऱ्हाइकांच्या ठशांचं आता काय, या प्रश्नातून तो जन्मला. लेखी सूचना, लेखी मंजुरी, विक्रीला पूर्ण बंदी, आणि हेतू संपला की किंवा शेवटच्या संबंधानंतर तीन वर्षांत, जे आधी येईल तेव्हा नष्ट करायचं. पण दात आहेत ते दुसरीकडे. ज्याचं बोट त्यालाच थेट कोर्टात जाता येतं. निष्काळजीपणाला १,००० डॉलर, जाणूनबुजून केलं तर ५,०००. २०१९ मध्ये रोझेनबाख खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्यक्ष नुकसान दाखवायची गरज नाही, नियम मोडला एवढं पुरे. तो खटला एका मुलाच्या अंगठ्याच्या ठशावरून होता, करमणूक उद्यानाच्या पासासाठी घेतलेल्या. फेसबुकने फोटोंतले चेहरे ओळखण्यावरून ६५ कोटी डॉलरची तडजोड केली ती याच कायद्याखाली.

२०२३ मध्ये कोर्टाने ‘प्रत्येक स्कॅन हा वेगळा भंग’ असं ठरवल्यावर मात्र आकडे हाताबाहेर जायला लागले. रोज चार वेळा बोट लावणाऱ्या कामगाराचे वर्षाचे किती होतील, हिशेब करा. ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती करून ते माणशी एकदाच केलं. टेक्सासचा कायदा मजकुरात बराच सारखा आहे, पण तिथे दावा फक्त राज्याचा ॲटर्नी जनरल करू शकतो. तरी फेसबुकवाल्या मेटाने २०२४ मध्ये तडजोडीत १.४ अब्ज डॉलर मान्य केले.

आडगाव_बुद्रुक
तिकडे अंगठ्याला हजार डॉलर, इकडे अंगठ्याला शाई.

वकिलीणबाई
आडगावकर, हसण्यावारी नेऊ नका, हाच आपल्या नव्या कायद्याचा सगळ्यात दुबळा भाग आहे. सुरक्षेत ढिलाई केली तर २५० कोटींपर्यंत दंड, माहिती फुटल्यावर कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. पण हे पैसे जातात भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याचा ठसा फुटला त्याला दमडी नाही. भरपाईची तरतूद होती ती कलम ४३-ए मध्ये, आणि डीपीडीपी पूर्ण लागू होईल त्याच दिवशी ते कलम रद्द होतंय. आज निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर राज्याच्या आयटी सचिवांपुढे ५ कोटींपर्यंतचा दावा लावता येतो. मे २०२७ नंतर ते दार बंद. राहील ते संस्थेकडे तक्रार, मग डेटा संरक्षण मंडळ, मग अपील.

हाउन्स्लोकर
ब्रिटनमध्ये भर संमतीवर नाही, ‘गरज होती का’ यावर असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या माहिती आयुक्तांनी क्रीडा केंद्रं चालवणाऱ्या सर्को लेझर कंपनीला हजेरीसाठी चेहरा आणि बोट वापरणं थांबवायला लावलं. ३८ ठिकाणं, दोन हजारांवर कर्मचारी. कारण असं की कार्ड किंवा किल्लीला लावायच्या फॉबने तेच काम होत होतं आणि कर्मचाऱ्यांना नको म्हणायची सोय स्पष्टपणे दिलीच नव्हती. स्वीडनमध्ये २०१९ ला एका शाळेने २२ मुलांची हजेरी चेहऱ्यावरून घेऊन पाहिली, पालकांची संमती घेऊन. तरी दंड झाला. शाळेपुढे पालक मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून ती संमतीच धरली नाही.

खजिनदार_नं_१
हे सगळं युरोपात ठीक. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्येच सरकारी कार्यालयातली बायोमेट्रिक हजेरी उचलून धरली आहे. कर्मचाऱ्यांना आधी विचारलं नाही म्हणून ती बेकायदा होत नाही, असा निकाल आहे. मग गेटवर काय अडचण?

वकिलीणबाई
खजिनदारसाहेब, तो मालक आणि नोकर यांच्यातला प्रश्न होता. नव्या कायद्याच्या कलम ७ मध्येही नोकरीच्या कामासाठी संमतीशिवाय डेटा वापरायला मोकळीक दिलीय. ऑफिसला त्या मोकळिकीवर विसंबता येईल. पण घरकामाच्या ताईंची मालक संस्था नाही, तो तो फ्लॅटवाला आहे. वॉचमनची मालक सुरक्षा एजन्सी. सभासद तर कुणाचाच नोकर नाही. म्हणजे गेटवर संस्थेला उरतो तो संमतीचाच मार्ग, आणि कलम ६ ची संमती ‘मोकळी, विनाअट’ हवी. ‘चेहरा दे, नाहीतर उद्यापासून गेटच्या आत येऊ नकोस’ याला मोकळी संमती म्हणणं कठीण आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव बहुमताचा असतो, संमती माणसागणिक असते. दोनशे सभासदांनी हात वर केल्याने दोनशे-एकाव्याचा चेहरा मंजूर होत नाही.

आणखी दोन गोष्टी. नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी, कोकणी, हिंदी, कन्नड, जे त्या बाईंना वाचता येईल ते. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पडताळता येईल अशी पालकांची संमती. शाळांना मुलांच्या सुरक्षेसाठी थोडी सूट आहे, सोसायटीच्या क्लबहाउसला नाही.

सर्किट_बोर्ड
घरकामाच्या बायकांचा मुद्दा तांत्रिक बाजूनेही बघा. दिवसभर भांड्याचा साबण आणि काथ्या हातात असला की बोटांच्या रेषा घासून सपाट होतात. गवंडी, प्लंबर, सत्तरीपुढचे लोक यांचंही तेच. यंत्र दोन-तीनदा नाकारतं, मागे रांग लागते, मग वॉचमन कंटाळून गेट हातानेच उघडतो. म्हणजे पर्याय आपोआप सुरू होतोच, फक्त नोंदीशिवाय. त्यापेक्षा तो आधीच ठेवलेला बरा. बोटच वापरायचं असेल तर दोन्ही हातांची मिळून निदान दोन बोटं नोंदवा, काच रोज पुसा. आणि जमत असेल तर टेम्प्लेट यंत्रात न ठेवता माणसाच्या कार्डावर ठेवणारी यंत्रणा घ्या. कार्ड टेकवायचं, बोट त्या कार्डातल्या ठशाशीच जुळवायचं. साठाच नाही, तर फुटणार काय? किंमत जास्त पडते, कोटेशनमध्ये कुणी स्वतःहून सुचवत नाही, मागून घ्यावं लागतं.

तांब्यापितळ
विमानतळावर चेहऱ्यावरून आत सोडणाऱ्या डिजीयात्राचा दावा काहीसा असाच आहे. ओळखपत्र प्रवाशाच्या फोनमध्ये, विमानतळाकडे प्रवासापुरतं, २४ तासांत पुसलं जातं. आणि बाजूची साधी रांग चालू असते, ती महत्त्वाची.

अनघा_दे
भाडेकरू गेला की त्याचा चेहरा त्याच दिवशी पुसा, असं नवीन कायद्याने सांगता येईल का?

वकिलीणबाई
@अनघा, कलम ८ म्हणतं संमती मागे घेतली किंवा हेतू संपला की पुसा. पण नियम ८ मध्ये डेटा आणि लॉग किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय, सरकारी मागणीच्या काही हेतूंसाठी. या दोन्हींचा मेळ कसा बसणार हे मंडळाकडून एखादं प्रकरण आल्याशिवाय कळायचं नाही. माझा सल्ला असा की टेम्प्लेट आणि नोंदणीचा फोटो चालू यंत्रणेतून लगेच काढा, म्हणजे गेट त्याला ओळखणार नाही. ये-जा नोंदी वर्षभर, मग पुसा. हे असं ठरावात लिहून ठेवा.

गेटपास
धागा छान चाललाय, पण मूळ प्रश्नाकडे येतो. ठराव येणारच असेल तर त्यात काय घालायला लावावं? दोनचार ओळींत द्याल का, सभेत वाचून दाखवता येईल असं?

वकिलीणबाई
घ्या, हवं तसं बदला:

‘चेहरा/बोट नोंदणी ऐच्छिक राहील. न देणाऱ्या सभासद, भाडेकरू व सेवा देणाऱ्या व्यक्तींना कार्ड अथवा पिन त्याच गेटवर, जादा शुल्काशिवाय मिळेल. नोंदणीपूर्वी त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत लेखी सूचना देऊन सही घेण्यात येईल. माहिती केवळ प्रवेशासाठी वापरली जाईल. हजेरी, थकबाकी वसुली वा जाहिरातीसाठी नाही. सोडून जाणाऱ्याचे टेम्प्लेट व फोटो सात दिवसांत काढून सचिव तशी नोंद ठेवतील. कंपनीशी लेखी करार केल्याशिवाय यंत्रणा सुरू होणार नाही.’

करारात एवढं तरी हवं: डेटा संस्थेचा, कंपनी फक्त सांगितलेलं काम करणार, सर्व्हर कुठे ते नमूद, दुसऱ्याला देणार नाही, फुटला तर संस्थेला ताबडतोब कळवणार (कारण मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत संस्थेने द्यायची आहे), करार संपल्यावर बॅकअपसकट पुसल्याचं पत्र देणार. नव्या कायद्यात चूक कंपनीची असली तरी जबाब संस्थेला द्यावा लागतो.

थकबाकीचा उल्लेख मुद्दाम केलाय. मेंटेनन्स थकला की गेटवर चेहरा लाल दाखवायचा, ही कल्पना कुणाला ना कुणाला सुचतेच.

खजिनदार_नं_१
माझ्या मनात आलीच होती, वकिलीणबाई. बरं, ऐच्छिक केलं तर निम्मे लोक कार्डच मागतील, मग यंत्राचा खर्च कशाला?

गेटपास
साहेब, सभेत हाच प्रश्न विचारा.

अनघा_दे
एक शेवटचं: क्लबहाउसमध्ये आधीचं बोटाचं यंत्र असतं, नवीन घेताना कंपनी ते बायबॅकमध्ये मागते. द्यावं का?

सर्किट_बोर्ड
द्या, पण रिकामं करून. आधी सॉफ्टवेअरमधून हजेरीच्या नोंदी उतरवून घ्या. मग यंत्राच्या मेनूत ‘डेटा मॅनेजमेंट’मध्ये जाऊन सगळे युजर, सगळे ठसे आणि ॲडमिनचे अधिकार पुसा. नुसतं ‘फॅक्टरी रीसेट’ पुरत नाही, काही मॉडेलमध्ये त्याने फक्त सेटिंग मूळपदावर जातात आणि ठसे तसेच राहतात. पुसल्यावर आधी नोंदवलेलं एखादं बोट टेकवून बघा, ओळखायला नको. आणि ज्या संगणकावर हजेरीचं सॉफ्टवेअर आहे तिथे टेम्प्लेटची प्रत असते, ती विसरू नका. नवीन यंत्र जोडलं की सॉफ्टवेअर तेच जुने ठसे त्यात आपोआप ढकलतं.